तारापूरचा कोट कोणाचा?

१/ समाजमाध्यमांवर एक जोडचित्र वारंवार फिरत असते. वरच्या अर्ध्यात स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठचा शियों किल्ला. निळे पाणी, लालसर छपरे, मागे हिमाच्छादित डोंगर. खालच्या अर्ध्यात आपल्याकडचा एखादा ढासळलेला बुरूज आणि त्याच्या सांध्यांत रुजलेला पिंपळ. मथळा ठरलेला असतो: ‘त्यांनी जपले, आपण घालवले.’ या जोडचित्राशी माझे भांडण आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या कोटाला साक्षीस बोलावून ते भांडण येथे मांडतो. धागा लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी शियोंविषयी. हा किल्ला सॅव्हॉयच्या सरदार घराण्याचा होता. व्यापारी मार्गावर जकात गोळा करणे हा त्याच्या मिळकतीचा मोठा भाग होता. १५३६ साली बर्नच्या फौजांनी तो घेतला आणि तळघरात कैदेत असलेल्या फ्रांस्वा बोनिव्हारची सुटका झाली. पुढे १८१६ मध्ये इंग्रज कवी बायरन तेथे आला, त्याने त्या कैद्यावर काव्य रचले आणि किल्ला युरोपभर गाजला. मधल्या काळात मात्र तेथे काव्यमय असे काहीच नव्हते. बर्नच्या अंमलात तो अधिकाऱ्याचे निवासस्थान, कोठार, शस्त्रागार आणि तुरुंग होता. एकोणिसाव्या शतकातही तुरुंग आणि दारूगोळ्याचे कोठार हेच त्याचे काम. त्याच्या जीर्णोद्धारासाठी मंडळ स्थापन झाले ते १८८७ साली.

३/ म्हणजे जोडचित्रात जे ‘जपणे’ दिसते ते जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचे आहे. त्याआधीची साडेतीनशे वर्षे तो किल्ला टिकला, कारण त्याच्या छपराखाली कोणाचे ना कोणाचे काम चालू होते आणि छप्पर गळले तर कोणाला तरी त्याचा त्रास होत होता. हा मुद्दा लक्षात ठेवून आता आपण कोकणात येऊ.

४/ तारापूर म्हटले की देशभरातील लोकांना अणुवीज केंद्र आठवते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास प्रारंभ केला. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र. गंमत अशी की हे केंद्र तारापूर गावात नाही. ते गावाच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या संचासाठी ज्यांना उठावे लागले त्या गावांची नावे अक्करपट्टी आणि पोफरण. ‘तारापूर औद्योगिक वसाहत’ आहे ती बोईसरच्या कुशीत. एका गावाचे नाव दोन अवाढव्य प्रकल्पांना दिले गेले आणि ते मूळ गाव मात्र त्या नावाच्या सावलीत दिसेनासे झाले. वायुगळती वा स्फोटाच्या बातमीत ‘तारापूर’ हा शब्द वाचताना तेथे एक कोट आहे, हे कोणाच्या ध्यानी येणार?

५/ मूळ गाव खाडीच्या मुखाशी आहे. उत्तरेच्या तीरावर चिंचणी, दक्षिणेच्या तीरावर तारापूर. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत ज्याच्या नजरेखालून जाईल अशा जागी हा कोट उभा आहे. शियोंशी त्याचे खरे नाते येथे जुळते: दोघेही वाट अडवून कर वसूल करणाऱ्यांचे किल्ले. शौर्याच्या कथा नंतर आल्या. आधी आला जकातीचा हिशेब.

६/ १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतरच्या काही दशकांत दमणपासून वसईपर्यंतची किनारपट्टी त्यांच्या ‘उत्तर प्रांता’त गेली. त्यांच्या कारभारात तारापूर दमणच्या अखत्यारीत होते. पालघरच्या किनाऱ्यावर आज जी कोटांची रांग दिसते (डहाणू, तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, दांतिवरे) ती बहुतांशी याच काळाची देणगी. सह्याद्रीतील दुर्ग पाहण्यास सरावलेल्या डोळ्यांना हे कोट ठेंगणे वाटतात. डोंगराचा आधार नसलेल्या सपाट भूमीवर तोफ, तट आणि भरती-ओहोटीचे पाणी यांच्या भरवशावर उभी राहिलेली ही बांधकामे आहेत. राजगडाच्या फूटपट्टीने ती मोजू नयेत.

७/ आता १७३९. वसईची मोहीम १७३७ च्या वसंतात ठाण्याचा कोट घेऊन सुरू झाली होती. चिमाजी अप्पांचे अंतिम लक्ष्य वसई. पण दमणकडून समुद्रमार्गे आणि किनाऱ्याने येणारी मदत तोडल्याखेरीज वसई पडणार नव्हती. म्हणून १७३९ च्या जानेवारीत मराठी फौजा उत्तरेकडे वळल्या. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू आणि आत डोंगरावरचा अशेरी हे सारे थोड्याच दिवसांत हाती आले. नकाशा उघडून ही नावे दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमाने वाचावीत. मोहिमेची आखणी आपोआप उलगडते.

८/ यांपैकी तारापूर सहजी मिळाले नाही. तटाखाली सुरुंग घालून खिंडार पाडावे लागले आणि त्या खिंडारातून आत शिरताना हातघाईचे युद्ध झाले. याच लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. ते पेशव्यांच्या अंतरंगातील माणूस, बाजीरावांच्या अनेक मोहिमांतील साथीदार. त्यांच्या मातोश्रींना पेशवे घराण्याकडून गेलेले सांत्वनपत्र मराठी पत्रवाङ्मयात सुप्रसिद्ध आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य शोधून वाचावे. मोहिमांच्या इतिहासात आपण कोट मोजतो, दिवस मोजतो. एका विजयाची वार्ता एखाद्या घरी कशी पोहोचली असेल, हे त्या पत्रातून कळते.

९/ मे १७३९ मध्ये वसई पडली. शाळेच्या पुस्तकात ही कथा येथे संपते. कोटाची कथा मात्र पुढे सुरू राहते, आणि माझ्या मते खरी रंजक कथा येथूनच सुरू होते.

१०/ उत्तर कोकण मराठ्यांच्या हाती आल्यावर तारापूरच्या कोटाचे लष्करी महत्त्व ओसरले. शत्रू दमणपुरता उरला होता. मग लष्करी कोटाचे करायचे काय? पेशवाईच्या अखेरच्या पर्वात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, हा कोट विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी व्यापाऱ्याला शंभर वर्षांच्या बोलीने इनाम मिळाला.

११/ विकाजी मेहेरजी आणि त्यांचे बंधू पेस्तनजी यांच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. या बंधूंनी जकातीच्या मक्त्यांपासून आरंभ केला आणि पाहता पाहता निजामाच्या राज्यातील मोठी सावकारी पेढी उभी केली. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातील कापसाची पहिली मोठी खेप मुंबईस आली ती याच पेढीच्या नावे, ५०० बैलांच्या पाठीवरून. (खामगाव-अमरावतीच्या कापूसबाजाराचा इतिहास लिहिणाऱ्याने आरंभ तारापूरपासून करावा, असे मला गमतीने वाटते.) निजामाच्या सरकारला त्यांनी प्रचंड कर्जे दिली आणि तारण म्हणून वऱ्हाडातील महसूल त्यांच्याकडे आला. औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांच्या देखरेखीखाली निघालेले रुपये ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखले जात. नाणेसंग्राहक आजही ते शोधत असतात.

१२/ आणि मग, १८४० च्या दशकात, निजामाच्या दरबाराने महसुलाचे प्रांत परत घेतले. दिलेले कर्ज बुडाले आणि पेढी कोसळली. बंधूंनी इंग्रज सरकारकडे दाद मागितली, पण पदरी फारसे काही पडले नाही. याच पडत्या काळात, १८४७ मध्ये, सिकंदराबादेत या दोघांच्या नावे अग्यारी उभी राहिली, ती अजून आहे. पेशव्यांचा इनामदार, निजामाचा सावकार आणि इंग्रजांचा अर्जदार: एकाच घराण्याच्या चरित्रात त्या काळच्या तिन्ही सत्ता येऊन जातात. त्यांच्या गावच्या कोटाला केवळ ‘पोर्तुगीज किल्ला’ वा केवळ ‘मराठ्यांनी जिंकलेला किल्ला’ म्हणणे मला म्हणूनच अपुरे वाटते. तो पारशी वाडीचाही किल्ला आहे.

१३/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी उत्तर कोकणातील किल्ल्यांची पाहणी करविली. कॅप्टन डिकिन्सन यांनी ती केली आणि पुढे अनेक किल्ले निकामी करण्यात आले. तटात सुरुंग लावणे, टाकी फोडणे, दरवाजे उतरविणे हे प्रकार सह्याद्रीत आपण जागोजाग पाहतो. तारापूरचा कोट मात्र उभा राहिला. इनामदाराची मिळकत असल्यामुळे तो वाचला असावा, हा माझा तर्क आहे. मात्र १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये हा कोट विकाजींच्या वारसांकडे असल्याचे, तसेच आत बागा आणि विहिरी असल्याचे जे वर्णन येते, त्याशी हा तर्क सुसंगत आहे. जेथे बाग शिंपली जाते तेथे तटाची दुरुस्ती होते. निदान गुरे आत शिरू नयेत एवढ्यापुरती तरी होतेच.

१४/ आज हा कोट खाजगी मालकीचा आहे. आत वाडी आहे. झाडे आहेत, विहिरी आहेत. बाहेरून तट आणि बुरूज पाहता येतात, आत जायचे तर परवानगी घ्यावी लागते. अनेक तरुण दुर्गप्रेमी येथे येतात, बंद दरवाजा पाहतात आणि परत गेल्यावर संतापाने लिहितात: ‘आमच्या पूर्वजांनी रक्त सांडून घेतलेला किल्ला कोणाची वाडी कशी असू शकतो? सरकारने ताब्यात घ्यावा.’

१५/ हा संताप मी समजू शकतो. बाजी भीवराव जेथे पडले तेथे उभे राहण्यासाठी कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागणे, हे बोचणारे आहे आणि ती बोच खोटी नाही. पण ‘सरकारने ताब्यात घ्यावा’ या वाक्याच्या पुढे काय होते, हेही पाहावे. ताब्यात घेतलेले कोट आपल्या आसपासच आहेत. त्यांच्याकडे एकेक करून जाऊ.

१६/ ठाण्याचा कोट. पोर्तुगीजांनी बांधण्यास घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. १८१६ मध्ये त्र्यंबकजी डेंगळे येथूनच निसटले. १८४८ मध्ये राघोजी भांगरे यांना आणि १९१० मध्ये अनंत कान्हेरे यांना येथेच फाशी झाली. आज तो ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. तट उत्तम स्थितीत आहेत, आणि सामान्य इतिहासप्रेमीला आत जाणे तारापूरहून कितीतरी अवघड आहे. सरकारी मालकी म्हणजे खुला दरवाजा, हे समीकरण येथेच मोडते.

१७/ वसईचा कोट. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, सर्वांना खुला आहे. तेथील चर्चच्या कमानींखाली चित्रीकरणे झाली, सहली होतात, आणि भिंतींवर नावे कोरण्याचा उद्योगही अव्याहत चालतो. संरक्षित असूनही झाडोरा काढण्याचे बरेचसे श्रम स्थानिक तरुणांनी स्वतःच्या सुट्ट्या घालवून केले आहेत. केळव्याच्या किनाऱ्यावरील छोटा कोट तर वाळूत बुडालेला होता. तोही दुर्गप्रेमींच्या घमेल्या-फावड्यांनीच उजेडात आला. अर्नाळ्याच्या बेटावरील कोटात मात्र देवळे आहेत, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, शेती आहे, आसपास वस्ती आहे, आणि म्हणून तो अजून गावाचा वाटतो.

१८/ या साऱ्यांतून मी जो निष्कर्ष काढतो तो असा: कोट टिकतो तो वापरामुळे, मालकीच्या प्रकारामुळे नव्हे. ज्याचा रोजचा उपयोग संपला तो कोट खाजगी असो वा सरकारी, पावसाळे त्याला सारखेच खातात. तारापूरच्या कोटाने दोनशे वर्षे एका वाडीचे कुंपण म्हणून काढली, यात त्याचा अपमान झाला असे मला वाटत नाही. शियोंने दारूगोळा सांभाळला, ठाण्याने कैदी, तारापूरने झाडे. तिघांपैकी कोणाचा वापर अधिक सुसंस्कृत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९/ मग सारे आहे तसेच चालू द्यावे काय? मुळीच नाही, आणि येथे मी मालकीहक्काच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांपासूनही वेगळा होतो. वापराने आजवर कोट टिकला, कारण आजवर त्या जमिनीचा सर्वांत किफायतशीर वापर वाडी हाच होता. हे गणित आता बदलत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ते ठिकाण डहाणू तालुक्यात, तारापूरच्या उत्तरेला, याच किनाऱ्यावर आहे. बोईसरला द्रुतगती रेल्वेचे स्थानक होत आहे. बंदराला मच्छीमार आणि बागायतदारांचा जो दीर्घ विरोध आहे तो स्वतंत्र धाग्याचा विषय. येथे एवढेच की या पट्ट्यातील जमिनीचा भाव आता चिकूच्या आणि नारळाच्या उत्पन्नावर ठरणार नाही. खाजगी वारसा एका पिढीच्या आस्थेवर उभा असतो. पुढची पिढी नोकरीनिमित्त दूर गेली, वाटण्या झाल्या, जमीन विकली गेली, तर तट म्हणजे केवळ अडचणीचा दगड ठरतो.

२०/ शिवाय या कोटाच्या पाठीशी कोणतेही मोठे नाव नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले; त्यांत पालघर जिल्ह्यातील एकही नाही. त्याची तक्रार मी करीत नाही, निवडीला निकष असतातच. पण २०१९ मध्ये काही किल्ले पर्यटनासाठी दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याची चर्चा उठली आणि जनक्षोभ झाला, तेव्हा सरकारकडून खुलासा काय आला होता, ते आठवावे. शिवरायांशी निगडित संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही. विचार आहे तो बाकीच्यांचा. क्षोभ तत्काळ शमला. ‘बाकीचे’ म्हणजे कोण, हे फारसे कोणी विचारले नाही. तारापूर, दांतिवरे यांसारखे कोट नेहमी त्या ‘बाकीच्यां’तच असतात.

२१/ मग मार्ग कोणता? तो कायद्यातच आहे आणि त्यासाठी जप्तीची गरज नाही. १९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्यात खाजगी मालकाशी करार करण्याची तरतूद आहे: मालकी मालकाकडेच राहते, देखभाल कोणी करायची, लोकांना केव्हा प्रवेश द्यायचा, विकायचे झाल्यास सरकारला आधी कसे कळवायचे, हे सारे करारात लिहिता येते. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याचा साचाही याच धर्तीचा आहे. ही वाट फारशी चालली जात नाही, कारण सरकारला ती किचकट वाटते आणि मालकांना भीती वाटते. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, हा नियम एकदा ऐकला की भर वस्तीतील गावात संरक्षणाला अनुकूल माणूस सापडणे कठीण. तारापूरचा कोट तर गावाला चिकटून आहे. शेजाऱ्यांची घरे गोठवून किल्ला वाचवू पाहणारा कायदा शेजाऱ्यांनाच किल्ल्याचा शत्रू करतो.

२२/ म्हणून माझे मागणे लहान आहे. पहिले, कोटाची मोजमापांसह रेखाटने आणि छायाचित्रांकन व्हावे, तेही आज, तट उभे असताना. मुंबई-वसईतील वास्तुकला महाविद्यालयांना हे एका सत्राचे काम आहे. दुसरे, मालकांच्या सोयीने वर्षातील ठराविक दिवशी, निदान जानेवारीत, कोट पाहण्यास खुला असावा आणि त्या दिवसांच्या बदल्यात जिल्हा परिषदेने तटावरील झाडोरा काढण्याचा खर्च उचलावा. तिसरे, विक्रीपूर्वी सूचना देण्यापुरता तरी लेखी करार व्हावा. शियोंचा कारभारही आज एका स्वतंत्र न्यासाकडे आहे, २००२ पासून. मालकी वो प्रांताची आणि व्यवस्था न्यासाची. मालक, व्यवस्थापक आणि भेट देणारा हे तिघे वेगळे असू शकतात आणि तरी किल्ला उत्तम चालू शकतो. स्वित्झर्लंडकडून काही घ्यायचेच असेल तर निळ्या पाण्याचा हेवा न घेता हा करारनामा घ्यावा.

२३/ आणि आपण? बंद दरवाजासमोर उभे राहून चित्रफीत काढणे आणि खाली मालकाला शिव्या पडतील अशी सोय करणे, हे दुर्गसंवर्धन नव्हे. अशा एका चित्रफितीनंतर उघडणारा दरवाजाही कायमचा बंद होतो. आधी विचारावे, होकार मिळाला तर जावे, नकार मिळाला तर खाडीच्या बाजूने फेरी मारून तटाची बांधणी पाहावी. तेथून चिंचणीचा किनारा दिसतो. मग उरलेल्या वेळात शिरगावला जावे. तेथील कोट बऱ्या स्थितीत आहे, बुरुजावर चढता येते, आणि फांद्या फुटलेला माड पाहून झाडांविषयीची आपली एक समजूतही बदलते.

२४/ एक विनंती. तारापूर, चिंचणी, बोईसर परिसरातील घरांत, विशेषतः अणुवीज केंद्राच्या आधीच्या काळातील, कोटाची वा खाडीची छायाचित्रे असतील, कोणाच्या आजोबांनी कोटातील बागेत काम केले असेल, मेहेरजी घराण्याच्या काळातील एखादी पावती वा खत जपून ठेवले असेल, तर कृपया त्याविषयी लिहावे. मूळ कागद कोणालाही देऊ नये; स्वच्छ उजेडात टिपलेले छायाचित्र पुरेसे आहे. पुढील धागा अशेरीवर: जानेवारी १७३९ मधील तोच पंधरवडा, पण डोंगराच्या बाजूने.